परिच्छेद ११७ आणि आलुबुखाराची बाग

८ ऑक्टोबर २०१६, शनिवार, सकाळी सव्वानऊ वाजता माझे वडील जेसीबीच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अर्ध्या मीटरच्या खाली जाऊ देऊ नकोस." त्या वाक्याच्या अलीकडे माझं आयुष्य एक होतं, पलीकडे दुसरंच आहे. खालची सगळी कलमं पलीकडून लिहिलेली आहेत.

मी, दालिबोर रादोमिर तेशानोविच, वय वर्षे बावीस, राहणार लिपोविक, नदीचा डावा काठ, बॉस्निया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे; शेजारच्या वासिलियाआजीने माझं तोंड हुंगून तशी खात्री करून घेतली आहे. माझ्यावर लिहिण्यासाठी कोणी दबाव आणलेला नाही. जो येतो तो गप्प बसण्यासाठीच दबाव आणतो. मला मरायचं नाही, मी आजारी नाही. पण आज मी जे करायला निघालो आहे ते करणाऱ्या माणसाने मागची व्यवस्था लावून जावं, एवढं मला तीन वर्षांच्या अर्धवट कायदेशिक्षणात कळलं. वारसा कायद्यात मला दहापैकी नऊ होते. बाकीच्यांचं विचारू नये.

१. माझी मालमत्ता थोडी आहे. घर वडिलांचं आहे, त्याच्याशी माझा संबंध नाही. माझं म्हणण्यासारखं म्हणजे नदीकाठची आलुबुखाराची बाग. तिची जमीन आईला तिच्या वडिलांकडून मिळाली होती आणि २००४ साली आई गेल्यावर माझ्या नावावर झाली. त्याखेरीज एक जुनी 'गोल्फ' मोटार, एक अकॉर्डियन, राकिया म्हणजे आलुबुखाराची दारू गाळायचं तांब्याचं भांडं आणि एका निकालपत्राची छापील प्रत, पाने दोनशे चौदा.

२. गोल्फ गाडी वासिलियाआजीला द्यावी. तिला गाडी चालवता येत नाही आणि गाडीलाही आता चालता येत नाही, त्यामुळे दोघींचं जमेल. आजीचं म्हणणं आहे की मागच्या सीटवर कोंबड्या छान बसतील. काचा खाली होत नाहीत, ते तिने ध्यानात ठेवावं.

३. निकालपत्राविषयी थोडं लिहावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

१९९२ च्या लढाईत आमच्या गावच्या वीटभट्टीत नदीपलीकडची मुसलमान माणसं आमच्या काठच्या सर्बांनी कोंडून ठेवली होती. माझे वडील तिथे पहारेकरी होते. मी आठ वर्षांचा असताना त्यांना हेगच्या युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयात नेलं. बारा वर्षं शिक्षा झाली. त्यातली आठ त्यांनी काढली, बरीचशी फिनलंडच्या तुरुंगात. तिथे ते सुतारकाम शिकले. २०१० साली परत आले तेव्हा माझ्या मामाने, ग्रुयोने, त्यांच्यासाठी बँड लावला, सहा कोकरं भाजली, पुलावर फलक टांगला. पुलाच्या पलीकडच्या टोकाला बेपत्ता माणसांच्या घरच्या बायका उभ्या होत्या. मामा म्हणाला, "भाषण कर." वडिलांनी हातातली रिकामी बाटली पुढे केली आणि विचारलं, "काचेचा कचरा वेगळा कुठे टाकायचा?" तेवढंच त्यांचं भाषण. त्या दिवसापासून ते पक्ष्यांसाठी लाकडी घरटी बनवतात. आमच्या गल्लीत आता माणसांपेक्षा घरटी जास्त आहेत.

मामाचं मत सगळ्या गावाला पाठ आहे. हेगचं न्यायालय म्हणजे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांसाठी मांडलेला देखावा. मीही तेच बोलत मोठा झालो. कॉलेजला राजधानीत, सारायेव्होत गेलो तोही तिथल्यांशी भांडायला. तिसऱ्या वर्षी प्राध्यापकांनी वर्गात एक निकाल वाचायला घेतला. माझ्या बापाचा होता. त्यांना ते माहीत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. परिच्छेद ११७: "भट्टीतून नेलेल्या अकरा जणांचे अवशेष सापडलेले नाहीत." मी उभा राहिलो, खुर्ची लाथेने पाडली, म्हणालो की हा कायदा नाही, कादंबरी आहे. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला.

"सर, दोनशे चौदा पानं झाली. जागा कुठल्या पानावर आहे?"

"कसली जागा?"

"त्या अकरा जणांची. त्यातले एक माझे आजोबा. घड्याळं दुरुस्त करायचे. मी सगळा निकाल दोनदा वाचलाय. कोण काय म्हणालं, कोणी कुठला बूट घातला होता, सगळं आहे. जागा तेवढी नाही."

प्राध्यापक म्हणाले की न्यायालयाचं काम दोष ठरवणं आहे. ती म्हणाली, "हो, ते त्यांनी ठरवलं. आम्ही अजून थांबलोय." आणि खाली बसली.

ती अल्मासा. आमच्याच गावची, नदीच्या उजव्या काठची, आणि तिला पाहायला मला सारायेव्होला जावं लागलं. त्याच महिन्यात मी कॉलेज सोडलं. प्राध्यापकांवरचा राग हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं की तिच्याशी भांडायचं तर आधी निकाल वाचायला हवा होता, आणि तो वाचल्यावर मला वर्गात बसवेना.

ही प्रत लिपोविकच्या वाचनालयाला द्यावी. पेन्सिलच्या खुणा माझ्या आहेत. रागाने मारलेल्या रेघा पान साठपर्यंतच आहेत.

४. प्राध्यापक महाशयांना मी खुर्चीची भरपाई देणार नाही. ती आधीपासूनच डुगडुगत होती.

५. आता बाग.

यंदा झाडांना रोग पडला. पानांवर वलयं, फळं कच्चीच गळतात. नगरपालिकेची नोटीस आली की महिनाअखेर झाडं मुळासकट उपटा. मामा गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेला होता, म्हणून मी त्याला न विचारता शेजारच्या गावचा जेसीबी बोलावला. तो यंत्र सुरू करतो न करतो तोच वडील हातात अर्धवट घरटं घेऊन पळत आले. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. ते वाक्य बोलले.

जेसीबीवाला म्हणाला, "काका, झाड काढायचं म्हणजे मुळापासून काढायचं. मी केस कापायला आलेलो नाही."

वडील हलले नाहीत. शेवटी तो शिव्या घालत यंत्र घेऊन गेला. आम्ही दोघं बांधावर बसलो. बराच वेळ त्यांनी घरट्याला सँडपेपर मारला. मग सांगितलं.

"खड्डा ग्रुयोनं जेसीबीनं खणला. ताडपत्री मी आणली. वसंतात त्यानं वर झाडं लावली. तुझ्या आईला म्हणाला, तुझ्या होणाऱ्या पोराला बाग होईल."

"न्यायालयात का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं होतं, तिथे होतास का. मी म्हटलं, त्या दिवशी माझी पाळी नव्हती. ते खरं होतं. पाळी नव्हती."

"बाबा."

"तू आठ वर्षांचा होतास, दालो. तुझी आई आजारी. ग्रुयोचं नाव घेतलं असतं तर तुला वाढवलं कोणी असतं? फिनलंडवाल्यांनी?"

मला खरोखरच मामाने वाढवलं. पोहायला त्याने शिकवलं, पहिले बूट त्याने घेतले, आई गेली त्या आठवड्यात तो माझ्या खोलीत जमिनीवर झोपायचा. मला माहीत नसताना मी त्या गप्प बसण्यावर वाढलो. आईला ठाऊक होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

नंतर मी वासिलियाआजीकडे गेलो. आमच्याकडे अक्रोडाचं झाड कोणी लावत नाही, कारण खोड लावणाऱ्याच्या मानेइतकं जाड झालं की लावणारा मरतो असं मानतात. आजीने ऐंशीव्या वर्षी लावलं. दर वसंतात ती दोरीने खोड मोजते, मग स्वतःची मान मोजते, आणि शेजाऱ्यांना आकडे सांगते.

"ग्रुयोनं अक्रोड लावले असते तर शंभर वर्षं कोणी खणलं नसतं," ती म्हणाली. "आलुबुखार वीस-पंचवीस वर्षांत म्हातारा होतो, काढावाच लागतो, हे शेंबड्या पोराला कळतं. पण त्याला मरायची भीती. मान जाड आहे ना त्याची."

"आजी, तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार. लढाई चालू असताना बाग लावणारा माणूस मी एकच पाहिला. त्यावरून मी माझं समजले."

"कोणाला बोलली नाहीस?"

"तू तरी आत्ता बोलतोयस ते चोवीस वर्षांनी, आणि तेही माझ्याशी," असं म्हणून तिने कॉफी पुढे सरकवली.

तर माझी इच्छा अशी. ही बाग, क्षेत्र सुमारे एक एकर, मी त्या अकरा घरांच्या वारसांना सारख्या हिश्श्याने देतो. उकरण्याचं काम पूर्ण होईपर्यंत तिथे कोणीही झाड लावू नये, तोडू नये, राकियासाठी फळ उचलू नये. मालक म्हणून उकरायला माझी परवानगी आहे. कायद्याला तिची गरज नाही, हे मला माहीत आहे. तरीही देतो.

६. अल्मासा हिला मी काहीही देत नाही.

हे चुकून राहिलेलं नाही. याची कारणं नोंदवून ठेवतो.

गेल्या मंगळवारी ती सारायेव्होहून तिच्या घरी आली होती. मी पूल ओलांडून तिच्या दारात गेलो, धापा टाकत. म्हटलं, "मला जागा कळली. आमच्या बागेत, मामानं पुरलं."

ती दाराला धरून उभी राहिली. मागे तिची आई, झेय्फाकाकू, पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"कोणाला सांगितलंस?" अल्मासाने विचारलं.

"तुला. सगळ्यात आधी तुला."

"का?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. मी वेड्यासारखा म्हणालो की तुझ्यासाठीच शोधलं. ते खोटंही होतं. मी शोधलं नव्हतं, रोगट झाडं काढायला गेलो होतो.

"माझ्या आजोबांना फुलांच्या गुच्छासारखं घेऊन आलास दारात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अकरा आहेत, दालिबोर. आणखी दहा घरं आहेत. त्यांच्या पण पोरींवर प्रेम आहे का तुझं?"

"असं नको ना बोलू."

"मग कसं बोलू? ऐक. कचेरीत जा. बेपत्ता माणसं शोधतात त्या. लिहून दे, सही कर, मामाचं नाव टाक. आणि मग इकडे येऊ नकोस."

"कधीपर्यंत?"

"तू कायदा सोडलास, मी नाही सोडला. उद्या तुझ्या मामाचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल सांगू? या पोरीशी तुझं काय आहे? आणि तू होय म्हणालास की तुझी साक्ष गेली. म्हणतील, पोरीसाठी घरच्यांना विकलं. काहीच नाही असं तुला खरं खरं म्हणता आलं पाहिजे. निकाल लागून अपील संपेपर्यंत. सात वर्षं लागतील. आठ लागतील."

झेय्फाकाकू हात न धुताच पुढे आली. पिठाने पांढऱ्या हाताने तिने माझा कोट चाचपला. मला वाटलं, मारते आहे. ती विचारत होती, "कोरडी आहे का रे जागा? पाणी नाही ना साचत?"

"नाही काकू. उतार आहे."

"बरं झालं. वडिलांना थंडी सोसायची नाही." एवढं म्हणून ती आत गेली. कोटावरचं पीठ मी झटकलं नाही. पुलावर वाऱ्याने उडालं.

म्हणून लिहितो की माझं अल्मासाशी काहीही नाही. तिला लिहिलेली, पण न धाडलेली तीन पत्रं मी काल चुलीत घातली. तिच्या नावाने कुठलीही वस्तू, जागा, फोटो किंवा निरोप मागे ठेवलेला नाही. कोणी उद्या तसं म्हणालाच तर हे कलम त्याला दाखवावं. माझ्या वयाच्या माणसाला हे लिहिताना काय होतं, ते कलमात मांडता येत नाही.

७. अकॉर्डियन मामाला परत द्यावं. दहाव्या वाढदिवसाला त्यानेच घेऊन दिलं होतं, आणि वाजवायला तोच जास्त बसायचा. त्याला म्हणावं, बाकीचं मला परत करता येत नाही. काल तो झऱ्यांवरून परस्पर आमच्या दारात आला. जेसीबीवाल्याने बाजारात काहीतरी बरळून ठेवलं होतं. काठी टेकवत ओसरीवर बसला. म्हणाला, "दालो, आपल्याकडची किती माणसं गेली, त्यांचं कोणी हेगमध्ये मोजलं? नदीच्या वरच्या अंगाला माझा चुलतभाऊ पडलाय, त्याची जागा कोणी सांगितली?"

मी म्हटलं, "नाही सांगितली. ज्याला माहीत आहे त्यानं सांगायला हवी."

"तू सांगणार?"

"मला एकच जागा माहीत आहे, मामा."

त्याने काठी उचलली. धमकी दिली नाही. "जेवलास का?" असं विचारून उठला आणि गेला. मला धमकी चालली असती.

माझ्या प्रेताला त्याने खांदा देऊ नये, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे. त्याला वाटलं तर द्यावा.

८. तांब्याचं भांडं विकू नये, कोणाला देऊही नये. त्या बागेची राकिया आम्ही वीस वर्षं पाहुण्यांना पाजली. ते चेपून भंगारात द्यावं.

९. माझ्या मृत्यूची सूचना विजेच्या खांबांवर चिकटवायची वेळ आली तर आमच्यासारखी काळी चौकट नको, पलीकडच्यांसारखी हिरवी नको, साधा कागद चालेल. बँड लावू नये. माझ्याविषयी कोणी भाषण करू नये, विशेषतः "न्यायासाठी" हा शब्द वापरून. मी नऊ दिवस झोपलेलो नाही आणि मला न्यायाविषयी फारसं काही वाटेनासं झालंय. हेगने माझ्या बापाला शिक्षा दिली ते बरोबर केलं असं मला वाटतं. तरी मामाने कोकरं भाजली आणि झेय्फाकाकू पुलावर उभी राहिली, दोन्ही एकाच दिवशी. इतक्या पानांनी दोन्हींतलं काहीच थांबलं नाही. मी आज जाऊन आणखी दोन पानं घालणार. एवढ्याने गाव शहाणं होईल असं मला वाटत नाही. अकरा माणसं वर येतील, बस.

१०. सोबत बागेचा नकाशा जोडला आहे. तो मी काल वडिलांच्या सांगण्यावरून आठवून काढला. त्याची एक प्रत माझ्याबरोबर कचेरीत जाईल.

आज सकाळी हे सगळं मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. वासिलियाआजी साक्षीला आली होती, तिचंही ऐकून झालं. वडील चहा ढवळत होते. साखर घातली नव्हती.

"ग्रुयोचं नाव टाकलंयस," ते म्हणाले.

"टाकलंय."

"मीच जेसीबी चालवला असं लिही. मला सवय आहे. आणखी आठ वर्षं काढीन. त्यांची लायब्ररी चांगली आहे."

"बाबा, तुम्हाला हातगाडी वळवता येत नाही. सगळ्या गावाला माहिती आहे."

आजी म्हणाली, "कुंपण पाडलं होतं माझं."

वडिलांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं. मग त्यांनी नकाशा ओढून घेतला, कानामागची सुताराची पेन्सिल काढली आणि मी काढलेली फुली खोडली.

"ही तिसरी ओळ नाही," ते म्हणाले. "तू घराकडून मोजलंस. मी नदीकडून सांगितलं होतं. इथे खणलं तर काही मिळणार नाही, आणि मग म्हणतील, पोरगा खोटं बोलला."

त्यांनी नदीकडून तिसऱ्या ओळीवर फुली मारली. फूटपट्टी लावून बांधापासूनचं अंतर टाकलं: साडेचौदा मीटर. माझ्या दुसऱ्या प्रतीवरही फुली बदलून अंतर टाकलं. खोलीचा आकडा लिहिताना थोडे थांबले, तोही लिहिला. मग कोणी न सांगता दोन्हींच्या खाली लिहिलं: "जागा बरोबर आहे. मी तिथे होतो." आणि पूर्ण नाव. स्वतःच्या वडिलांचं नाव, गाव, जन्मसाल, हेगमध्ये लिहावं लागत असेल तसं सगळं.

मी त्यांना सांगितलं की या कागदावरून तुम्हाला पुन्हा बोलावतील.

"वाचता येतं मला," ते म्हणाले.

वरील कलमं मी वाचली, मला ती मान्य आहेत. खाडाखोड कलम सातमध्ये एक आणि नकाशावर एक आहे. दोन्ही आमच्याच हातच्या आहेत.

सही: दालिबोर रादोमिर तेशानोविच

साक्षीदार: वासिलिया मार्को श्किपिना, वय ८६, शेजारीण. (सही करताना म्हणाली की मान अजून खोडापेक्षा दोन बोटं जाड आहे, हे लिही. लिहिलं.)

साक्षीदार: रादोमिर ल्याझार तेशानोविच, वडील. या मृत्युपत्रात त्यांना काहीही मिळत नाही.

स्थळ: लिपोविक, डावा काठ. सोमवार, १७ ऑक्टोबर २०१६.

ताजा कलम: मृत्युपत्र आजीच्या पिठाच्या डब्यात राहील. नकाशाची प्रत माझ्या खिशात आहे. बस दहा चाळीसला पुलापाशी थांबते. वडिलांनी कोट आणून दिला, बटणं लावायला उभे राहिले आणि मग लावली नाहीत. म्हणाले, "कचेरीत हळू बोल. तू तापलास की तुझं कोणाला कळत नाही." मी होय म्हटलं. आता बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.